माध्यमिक शाळेतील करिअर समुपदेशक नेमके काय काम करतो?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : "आता याला कुठे टाकायचे?" सायन्सला टाकायचे, डिप्लोमाला टाकायचे, की कॉमर्सला टाकून मोकळे व्हायचे? या प्रश्नात पालकांची काळजी असते, माया असते आणि पैशांचा हिशेबही असतो. मात्र ज्याच्याविषयी हे बोलणे चालू असते तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्या वाक्याचा कर्ता नसतो, कर्म असतो. करिअर समुपदेशकाचे काम समजून घ्यायला येथून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण त्या कामाचा पहिला भाग मुलाला किंवा मुलीला त्या वाक्याच्या कर्त्याच्या जागी आणण्याचा आहे. दुसरा भाग अधिक कोरडा वाटतो, पण माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे : आज घेतलेल्या निर्णयाने पुढची कोणती दारे उघडी राहतात आणि कोणती कायमची बंद होतात, हे ती बंद होण्याच्या आधी सांगणे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे केंद्र सुरू केले आणि त्यांची विचारपद्धती तीन पायऱ्यांची होती. आधी स्वतःची ओळख करून घ्यायची, मग निरनिराळ्या कामांची माहिती मिळवायची आणि शेवटी त्या दोहोंची सांगड विचारपूर्वक घालायची. शंभरहून अधिक वर्षांनंतरही कोणताही समुपदेशक जे करतो त्याचा सांगाडा हाच आहे. आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी आणि 'करिअर मास्टर', म्हणजे मुलांना व्यवसायांविषयी मार्गदर्शन करणारे शिक्षक, असावेत अशी शिफारस केली, तर १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा असे सुचवले. 'करिअर मास्टर' हा शब्द महाराष्ट्रातील जुन्या शिक्षकांना आजही ओळखीचा आहे, कारण मुंबईतील शासनाच्या व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्थेने शिक्षकांना या कामाचे प्रशिक्षण दिलेले आहे. पूर्ण वेळचा, फक्त याच कामासाठी नेमलेला समुपदेशक मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांतील खासगी शाळांत दिसतो. इतरत्र हे काम बहुधा एखाद्या शिक्षिकेकडे असते, ज्या दिवसभर आपला विषय शिकवतात आणि उरलेल्या तासिकेत मुलांशी बोलतात.

त्या उरलेल्या तासिकेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या शाळेत नववी-दहावीचे मिळून ३०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाशी दोन वर्षांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फक्त दोन बैठका करायच्या, असे धरले तरी ३०० तास लागतात. रोजची ३५ मिनिटांची एक तासिका आणि वर्षाचे सुमारे २२० कामाचे दिवस धरले तर वर्षाला १२८ तास हाती येतात, म्हणजे दोन वर्षांत २५६. एकही दिवस वाया गेला नाही, परीक्षा, निवडणुकीची कामे, स्नेहसंमेलन यांपैकी काहीही मध्ये आले नाही, तरीही तास पुरत नाहीत. मग पालकांच्या भेटींसाठी आणि माहिती गोळा करण्यासाठी वेळ कुठून आणायचा? "शाळेत समुपदेशन होते" असे कोणी सांगितले, तर त्यासाठी किती तास दिले आहेत हा पुढचा प्रश्न विचारायला हवा.

चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

करिअर समुपदेशन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट येते. चाचणी उपयोगी असते, पण ती कशाचे मोजमाप करते हे कळले नाही तर तिचा निकाल कुंडलीसारखा वाचला जातो. येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. अभिक्षमता म्हणजे एखाद्या प्रकारचे काम शिकण्याची कुवत : कुणाला आकड्यांतील संबंध चटकन दिसतात, कुणाला कागदावरची आकृती मनातल्या मनात फिरवून पाहता येते, कुणाची शब्दांवर पकड असते. आवड म्हणजे कोणत्या कामात मन रमते ते. आणि स्वभाव म्हणजे एकट्याने बसून काम करणे मानवते की माणसांत राहून, ठरलेल्या चौकटीत बरे वाटते की मोकळ्या जागेत. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतील अशी खात्री नसते. प्राण्यांची अतोनात आवड असलेल्या मुलीला रक्त पाहून भोवळ येऊ शकते, आणि गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलाला गणिताचा मनापासून कंटाळा असू शकतो.

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली, तेव्हा तिच्यात कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, मराठी शाळेतील आणि खेड्यातील मुलाला त्याचा कल विचारला गेला, ही मोलाची गोष्ट होती. पण कल म्हणजे कुवत नव्हे, आणि ज्या मुलाने ललित कला म्हणजे काय हेच कधी पाहिलेले नाही, त्याच्या उत्तरांत त्या क्षेत्राचा कल उमटणार तरी कसा? आपण पाहिलेल्या गोष्टींचीच आवड आपल्याला लागते. म्हणून चाचणीचा अहवाल हातात आल्यावर समुपदेशक आधी विचारतो की हे काम करणारा माणूस तू कधी जवळून पाहिला आहेस का, आणि उत्तर "नाही" असेल तर अहवालातील त्या रकान्याला तो फार वजन देत नाही.

अहवालातील आकड्यांविषयीही एक गोष्ट पालकांना समजावून द्यावी लागते. 'संख्यात्मक क्षमता : ७० पर्सेंटाइल' याचा अर्थ मुलाला शंभरपैकी सत्तर गुण मिळाले असा नसून, ज्या मुलांच्या मोठ्या गटावर चाचणी बेतलेली आहे त्यांतील साधारण सत्तर टक्के मुले त्याच्या मागे आहेत असा आहे. तो गट इंग्रजी माध्यमाच्या शहरी मुलांचा असेल आणि चाचणी देणारा मुलगा आदिवासी आश्रमशाळेतला असेल, तर आकडा तितकाच पण अर्थ वेगळा. चाचणी कोणत्या भाषेत झाली, शब्द समजले का, त्या दिवशी मुलगा उपाशी होता का, घरी काही बिनसले होते का, हे ज्याला माहीत आहे त्यानेच अहवाल वाचावा. खरे तर वर्गात तीन वर्षे त्याला पाहणाऱ्या शिक्षकांची निरीक्षणे, आठवीपासूनचे गुण, विज्ञान प्रदर्शनात त्याने काय केले, सुट्टीत तो काय करतो, या सगळ्यांच्या पंगतीत चाचणीला एक पान मिळावे, मुख्य पाहुण्याचा मान मिळू नये.

बंद होणारी दारे

आता या कामाच्या गाभ्याकडे वळू. अकरावीतील विषयांची निवड ही पुढच्या वाटा ठरवते, आणि त्या कशा ठरवते याची माहिती पालकांना बहुधा तुकड्या-तुकड्यांनी, नातेवाइकांकडून मिळालेली असते. विज्ञान शाखेत गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतले तर अभियांत्रिकीची नेहमीची वाट बंद होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण वास्तुकलेच्या पदवीसाठीही बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, हे चित्रकला उत्तम असलेल्या मुलीला अनेकदा बारावीनंतर कळते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे असते. वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा कला शाखेत गेला की त्याच्यासाठी एनडीएतील हवाई दलाचा पर्याय संपतो, आणि हे त्याला दहावीतच सांगायला हवे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असले तरी चालते. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, चार्टर्ड अकाउंटन्सीची फाउंडेशन परीक्षा यांना शाखेचे बंधन नाही. म्हणजे वकील व्हायचे म्हणून कला शाखाच घ्यावी लागते असे नाही, आणि सीए व्हायचे म्हणून कॉमर्सलाच जावे लागते असेही नाही, जरी कॉमर्समुळे तयारी सोपी होते हे खरे आहे.

हे ऐकून पालक साहजिकच म्हणतात, "मग सायन्सच घेऊ, सगळी दारे उघडी राहतात." चांगल्या समुपदेशकाची खरी कसोटी या वाक्यापाशी लागते. विज्ञान शाखेतून पुढे कुठेही वळता येते हे बरोबर आहे, पण दार उघडे ठेवण्याचीही किंमत असते, आणि ती क्लासच्या शुल्काने, दोन वर्षांच्या रोजच्या प्रवासाने आणि काही वेळा मुलाच्या आत्मविश्वासाने चुकती होते. ज्याला दहावीचे बीजगणित समजून न घेता पाठ करावे लागले, त्याच्यापुढे अकरावीचे भौतिकशास्त्र अचानक भिंतीसारखे उभे राहते. नापास होत-होत बारावी ओढून काढलेल्या मुलासाठी कागदावर उघडी असलेली दारे प्रत्यक्षात बंदच असतात. म्हणून समुपदेशक दोन प्रश्न एकत्र विचारतो : हा निर्णय नंतर बदलता येईल का, आणि तो निभावताना या मुलावर किती भार पडेल? बदलता येणारा निर्णय हलक्या हाताने घ्यावा, न बदलता येणाऱ्यासाठी थांबावे, विचारावे, पुन्हा भेटावे.

दहावीनंतरच्या तांत्रिक वाटांबाबत गैरसमज याहून जास्त आहेत. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, अशी समजूत अजूनही आहे. प्रत्यक्षात इलेक्ट्रिशियन किंवा फिटर यांसारखा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. हातात कौशल्य घेऊन, मध्ये कमावत, थोड्या लांबच्या रस्त्याने पदवीपर्यंत जाण्याची ही शिडी आहे. ज्या घरात अठराव्या वर्षी कमावणे भाग आहे, तिथे ही शिडी दाखवणे म्हणजे मुलाच्या शिक्षणाचे आयुष्य वाढवणे आहे. मात्र दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्या मुलीला पुढे वैद्यकीय शिक्षणाकडे वळणे फार अवघड जाते, हेही त्याच बैठकीत सांगावे लागते.

नियम बदलत राहतात, म्हणून हे ज्ञान एकदा मिळवून पुरत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांना नीट परीक्षेस पात्र ठरवले. त्याआधी गणित घेऊन बारावी झालेल्याला हे दार बंद होते. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पूर्वी काही महानगरांपुरती होती, ती २०२५-२६ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागू लागले. त्यामुळे पसंतीक्रमात पहिले नाव कोणते लिहायचे हा साधा वाटणारा प्रश्न तालुक्याच्या गावातही महत्त्वाचा झाला. एसटीची वेळ जुळत नसलेले, रोज चाळीस किलोमीटरवरचे नामांकित महाविद्यालय केवळ नावासाठी पहिले लिहिले, तर मुलगी तिथे अडकते आणि काही महिन्यांनी तिचे जाणे बंद होते. असे होऊ नये म्हणून पसंतीक्रम भरताना समुपदेशकाच्या हाती कटऑफच्या यादीबरोबर एसटीचे वेळापत्रकही असायला हवे.

कागद, तारखा आणि पैसे

समुपदेशनाविषयीच्या व्याख्यानांत या भागाचा उल्लेख क्वचित होतो, पण गरीब घरातील मुलांचे सर्वाधिक नुकसान येथे होते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी ती आहे, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आठवीत हे कोणी सांगितले नाही तर नववीत सांगून उपयोग नसतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचेही तसेच आहे. त्या वेळेत दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळू शकतात आणि मुलाला स्वतःच्या हाताचा अंदाजही येतो. आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि पडताळणी समितीकडील प्रक्रियेला वेळ लागत असल्याने आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधण्याचे काम दहावी-अकरावीतच सुरू करणे शहाणपणाचे ठरते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर यांच्या तारखा आणि मुदती वेगवेगळ्या असतात.

त्यातही मुलींच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक पालकसभेत मोठ्याने सांगण्यासारखी आहे. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "तिच्या शिक्षणाला पैसे कुठून आणायचे?" या प्रश्नावर मुलीचे शिक्षण थांबवून लग्नाचे बोलणे सुरू होते अशा घरात ही एक माहिती वेळेवर पोहोचली, तर बोलण्याची दिशाच बदलू शकते. वसतिगृह आणि प्रवासाचा खर्च उरतोच, आणि तोही समुपदेशकाने प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण अर्धे सत्य सांगून पाठवलेली मुलगी पहिल्या सत्रातच परत येते.

पालकांशी बोलणे

समजा, एका मुलीचे वडील समुपदेशक बाईंना भेटायला आले आहेत. मुलीला ७८ टक्के आहेत, तिची चित्रकला चांगली आहे आणि घरी सायन्स ठरले आहे. ते विचारतात, "बाई, चित्र काढून पोट भरते का?" हा प्रश्न उडवून लावण्याचा नाही, कारण तो पोटाच्या अनुभवातून आलेला आहे. बाई त्यांना "मुलीचे ऐका" असा उपदेश करत नाहीत आणि मुलीला "बाबांचे ऐक" असेही सांगत नाहीत. त्या कामांची नावे सांगतात : उपयोजित कला, पुस्तकांची आणि वेष्टनांची मांडणी, कापडावरील नक्षीकाम, शाळेतील कलाशिक्षकाची पदविका. प्रत्येकाला किती वर्षे लागतात, कोणती प्रवेश परीक्षा आहे, शासकीय आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कात किती फरक पडतो, सुरुवातीची काही वर्षे कमाई किती अनिश्चित असू शकते, हे सगळे समोर ठेवतात. मग मुलीला विचारतात की कुणी गुण देणार नसेल तेव्हाही तू चित्र काढतेस का. वडील हे उत्तर पहिल्यांदाच ऐकत असतात. निर्णय त्या दिवशी होत नाही, आणि तो होऊ नये हेच बरे. त्यांनी गावातील एखाद्या फलक रंगवणाऱ्याशी, छापखान्यातील डिझायनरशी बोलून पुन्हा यावे असे ठरते.

आपली आवड सांगण्याची सवय नसलेल्या मुलांशी बोलायला याहून जास्त वेळ लागतो. "तुला काय व्हायचे आहे?" या प्रश्नाला खेड्यातील पुष्कळ मुले "पोलीस" किंवा "कलेक्टर" असे उत्तर देतात, कारण अधिकाराची हीच दोन माणसे त्यांनी पाहिलेली असतात. त्या उत्तराच्या आत काय आहे, गणवेशाचा मान, ठरलेला पगार, की गावासाठी काही करण्याची इच्छा, हे शोधले की पाच-सहा आणखी वाटा दिसू लागतात. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून मुलांना शेती, वीज, बांधकाम, आरोग्य यांतील कामे हातांनी करू देऊन शिकवण्याचा मार्ग दाखवला आहे, आणि त्यातून समुपदेशकासाठी एक धडा निघतो : आपल्याला काय जमते हे मुलाला प्रश्नावलीपेक्षा पाना-पक्कड हातात घेतल्यावर लवकर कळते. म्हणून आठवी-नववीतच जवळच्या दवाखान्याला, गॅरेजला, बँकेला, रोपवाटिकेला भेटी ठेवणे हे समुपदेशनाचेच काम आहे, सहल नव्हे.

मर्यादा

करिअर समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नसतो. मात्र विषय निवडीसाठी आलेली मुलगी बोलता-बोलता रडू लागते आणि मग कळते की प्रश्न विषयांचा नव्हताच. तेव्हा ऐकून घेणे आणि योग्य व्यक्तीकडे पाठवणे त्याचे कर्तव्य आहे, उपचार करणे नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे आणि तो क्रमांक शाळेच्या भिंतीवर असावा. मुलांनी सांगितलेले गुपित ठेवायचे हा या व्यवसायाचा नियम आहे, पण त्याला अपवाद आहेत : मुलाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगितले तर नंतर मुलाला विश्वासघात झाल्यासारखे वाटत नाही.

दुसरी मर्यादा नैतिक आहे आणि तिच्याविषयी मला स्पष्टपणे लिहायचे आहे. परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत शाळांमध्ये 'मोफत करिअर मार्गदर्शन शिबिरे' भरतात, ज्यांचा खर्च बहुधा एखादा क्लास किंवा खासगी महाविद्यालय करते. जो प्रवेश विकतो तो निवडीचा सल्ला देऊ शकत नाही. शाळेच्या समुपदेशकाने कोणत्याही संस्थेकडून प्रत्येक प्रवेशामागे पैसे किंवा भेटी घेऊ नयेत, आणि शाळेनेही शिबिराला परवानगी देण्यापूर्वी खर्च कोण करतो हे पालकांना सांगावे.

निकालानंतरच्या आठवड्यात समुपदेशकाच्या दाराशी नव्वद टक्केवाल्यांची गर्दी असते, पण आधी भेटायला हवीत ती उत्तीर्ण न झालेली मुले. एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटी घेऊन, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीत बसता येते, जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते, आणि वेल्डर, वायरमन यांसारख्या आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी उत्तीर्ण असण्याची अट नसते; या तीन गोष्टी त्यांना त्याच आठवड्यात कळाव्या लागतात, कारण पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. ही मुले स्वतःहून येत नाहीत. त्यामुळे शाळेत गुणपत्रिका वाटून झाल्यावर कोणाची गुणपत्रिका कपाटात पडून राहिली आहे हे समुपदेशकाने पाहावे, त्या नावांची यादी करावी आणि त्याच दुपारी एकेका घरी फोन लावावा.